मदत हवी आहे: एक्स अक्षाचं होम अधूनमधून नेमकं ५ मिमी सरकतं, इंडेक्स तपासायचा कसा?

मंडळी, रत्नागिरीला मिरजोळे एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे. कामं बहुतेक बोटींची: प्रोपेलर शाफ्टचे कीवे (चावी बसवायच्या खाचा), गनमेटलचे बुश. जुन्या मिलिंगला सर्व्हो मोटर बसवून लिनक्ससीएनसी या मशीन चालवायच्या सॉफ्टवेअरवर चालवतोय. कंट्रोलची कार्डं मेसा कंपनीची, ५आय२५ आणि ७आय७७. बॉलस्क्रूचा पिच ५ मिमी (एका फेऱ्याला टेबल ५ मिमी सरकतं), मोटर थेट कपलिंगवर, एन्कोडर (फिरणं मोजणारा सेन्सर) २५०० लाइनचा, एका लाइनचे चार काउंट, म्हणजे फेऱ्याला १०,००० काउंट. होमिंग, म्हणजे सुरुवातीची ठरलेली जागा शोधणं, आधी मायक्रोस्विचवर, मग इंडेक्सवर (एन्कोडरचा फेऱ्याला एकदाच येणारा पल्स).

वाय दर वेळी जागच्या जागी येतो. एक्स मात्र कधीकधी, जास्त करून सकाळी पहिल्या होमला, ५ मिमी बाजूला बसतो. ४.९ नाही की ५.१ नाही, डायल लावून बघितलंय. परत होम केलं की बहुतेक वेळा ठीक. पण तेवढ्यात एखादा कीवे पुढे सरकून कापला गेला तर शाफ्ट भंगारात. मासेमारीची बंदी ३१ जुलैला संपते आणि त्याआधी सगळ्यांनाच शाफ्ट हवे असतात.

एन्कोडरच्या इंडेक्सच्या दोन तारांत, झेड प्लस आणि झेड मायनसमध्ये, मल्टीमीटर धरून स्क्रू हाताने फिरवला, आकडा ढिम्म. हालस्कोपवर (लिनक्ससीएनसीतला सिग्नलचा आलेख) पल्स क्वचित दिसतो, एरवी सपाट रेघ. एन्कोडर विकणारा म्हणतो नवीन घ्या. ऑसिलोस्कोप माझ्याकडे नाही. पावसात इथे कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात, त्या साफ करून झाल्या. आता काय बघू?

प्रतिसाद

एन्कोडर इतक्यात घेऊ नका. तुमचा इंडेक्स बहुधा एकाच काउंटएवढा रुंद असणार, म्हणजे ०.०३६ अंश. हाताने फिरवताना मल्टीमीटरला तो सापडायचाच नाही. हालस्कोप सर्व्हो थ्रेडवर, म्हणजे सॉफ्टवेअरच्या ठरलेल्या चक्रात, दर मिलिसेकंदाला एकदा बघतो, पल्स त्याहून लहान असला की निसटतो. कार्ड मात्र तो हार्डवेअरमध्ये पकडतं. म्हणून पल्स बघत बसू नका, त्याचा परिणाम बघा.

इमर्जन्सी स्टॉप दाबून ड्राइव्ह बंद ठेवा. लिनक्ससीएनसीत एन्कोडरच्या इंडेक्स-एनेबल या सॉफ्टवेअर पिनचं नेट (जोडणी) तात्पुरतं सोडवा आणि पिन सेटपी कमांडने १ करा. स्क्रू हळू फिरवा. इंडेक्स आला की पिन आपोआप ० होते आणि काउंट शून्यापासून सुरू होतो. त्या क्षणाचा रॉकाउंट्स (एन्कोडरचा मूळ काउंट) टिपा, तो शून्य होत नाही. पिन पुन्हा १ करून त्याच दिशेने पुढचा इंडेक्स घ्या. दोघांतला फरक दर वेळी १०,००० च्या आसपास आला (हाताने थांबवताना थोडं पुढेमागे होणारच), तर इंडेक्स ठणठणीत. २०,००० आला तर पल्स चुकतोय: झेडची एखादी तार तुटलीय का आणि ७आय७७ वरचे त्या चॅनलचे जंपर डिफरन्शियलवर (दोन तारांतला फरक वाचणाऱ्या जागेवर) आहेत का ते बघा. भलतेच आकडे आले तर नॉइज, मग शील्ड आणि अर्थिंग.

माझा खरा संशय स्विचवर आहे. स्विच सुटण्याची जागा आणि इंडेक्स अगदी चिकटून असतील तर स्विच केसभर उशिरा सुटला तरी तो इंडेक्स मागे राहतो आणि मशीन अख्खा फेरा फिरून पुढचा पकडतं. ओल्या सकाळी गंजका स्विच नेमकं हेच करतो.

धागाकर्ता

फरक दर वेळी १०,००० च्या दोन-चार काउंट इकडेतिकडे. मग स्विच सुटल्यापासून इंडेक्सपर्यंतचं अंतर मोजलं: कधी ६०-७० काउंट, कधी ९,९०० च्या वर. चोर सापडला! आता एन्कोडर मोटरवर अर्धा फेरा फिरवून बसवू का?

प्रतिसाद

मोटर ब्रशलेस असेल तर एन्कोडरला हात लावू नका, कम्युटेशन (मोटरच्या वाइंडिंगना योग्य क्षणी करंट देणं) बिघडेल आणि मोटर धावत सुटेल. स्विच दाबणारा डॉग (ठोकळा) २.५ मिमी सरकवा किंवा कपलिंग ढिलं करून स्क्रू अर्धा फेरा फिरवून पुन्हा आवळा. स्विच सुटल्यापासून इंडेक्सपर्यंत साधारण ५,००० काउंट आले पाहिजेत. होमची जागा बदलेल, तेव्हा होम ऑफसेट आणि सॉफ्ट लिमिट (सॉफ्टवेअरमधल्या हालचालीच्या मर्यादा) नव्याने टाका, मगच शाफ्ट चढवा. आणि तो मायक्रोस्विच काढून सीलबंद प्रॉक्सिमिटी सेन्सर (न टेकता ओळखणारा) लावा, पुढच्या पावसात पुन्हा हेच नको.