मदत हवी आहे: प्रजनन आरोग्य धोरणात मास्टर्स कुठून करू?

एमएसडब्ल्यू झालंय, नंदुरबारला आशाताई आणि किशोरवयीन मुलींसोबत काम करतेय. आता धोरण आणि कार्यक्रम आखणी शिकायचीय, कारण २०२१ ला गर्भपात कायदा बदलला पण पाड्यावरच्या मुलीपर्यंत तो पोचतच नाही, फार लागतं ते मनाला. देवनारच्या आयआयपीएसचा (लोकसंख्या विज्ञान संस्था) कोर्स पाहिला, तो आकडेवारीकडे जास्त झुकलेला वाटला, टिसच्या (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) एमपीएचमध्ये, म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या मास्टर्समध्ये, हा विषय एक भाग म्हणूनच येतो. लंडन स्कूल ऑफ हायजीनचा नेमका याच विषयावर आहे पण चेवनिंग (ब्रिटिश सरकारची शिष्यवृत्ती) मिळाली तरच जमेल, कर्ज काढायचं नाहीये (परत येऊन २ वर्षं इथे राहायची अट चालेल). कोणी केलं असेल तर सांगा ना, डॉक्टर नसलेल्यांना नंतर राज्य पातळीवर कार्यक्रम आखायचं काम खरंच मिळतं का?