इंदुरात हातानं केलेला डार्थ व्हेडर कुठे मिळेल? (सल्ला हवा)

तुकोगंजी
मंडळी, विषय पोरकट आहे, वय सत्तेचाळीस आहे, तरी विचारतो. मला डार्थ व्हेडरच्या वस्तू जमवायचा नाद आहे. ‘स्टार वॉर्स’मधला काळा टोप, काळी झूल, घरघर श्वास घेणारा तोच. मामाकडे भाड्याचा व्हीसीआर यायचा, त्यावर पहिल्यांदा पाहिला तेव्हा गोष्ट काडीची कळली नव्हती. हा माणूस धुरातून दारात येऊन उभा राहिला, एवढंच डोक्यात बसलं. त्या सिनेमात हीरो कोण होता ते मला अजूनही आठवावं लागतं.

आजवर जमलेला माल: सात पुतळे, दोन मग, भिंतीवरचं एक घड्याळ. टीशर्ट मोजत नाही. सगळं कारखान्यातलं. गेल्या वर्षी ‘संपूर्ण हस्तनिर्मित’ असं वाचून एक मुखवटा ऑनलाइन मागवला, साडेतीन हजार मोजले. बुडाशी सोनेरी स्टिकर होतं. नखानं खरवडलं तर खाली साच्याचा नंबर! विकणाऱ्याला फोटो पाठवला, तर उत्तर आलं, ‘सर, स्टिकर हातानंच लावतो.’

आता एकच वस्तू हवी आहे, पण कुणीतरी बसून केलेली. इंदूरची किंवा फार तर आसपासची, म्हणजे जाऊन बघता येईल. बजेट पंधरा हजार, पण तेवढे उडवलेच पाहिजेत असं नाही. घरच्या सरकारची अट अशी की बैठकीत ठेवण्यासारखं दिसलं पाहिजे. कुणाला गाठू?

सुदामानगर_सात
चित्रकलेच्या पोरांकडून कॅनव्हासवर काढून घ्या. स्वस्तात होईल.

तुकोगंजी
दोन आहेत. दोघांनी नेटवरचा एकच फोटो बघून काढलीत. भिंतीवर जुळे लटकलेत.

पेंचकस
थ्रीडी प्रिंट हस्तनिर्मितीत धरता का? मशीन काढतं हे खरं, पण त्यावरच्या रेघा घासायला माझे चार रविवार गेलेत, त्यामुळे कुणी ‘मशीनचं’ म्हटलं की डोकं सटकतं.

करणार असाल तर एक ऐका. पीएलए म्हणजे प्रिंटरच्या नेहमीच्या प्लास्टिकचा टोप करू नका. ते साधारण ६० अंशाला मऊ पडतं. मी मे महिन्यात टोप गाडीत विसरून दुपारभर लग्नात जेवत बसलो. संध्याकाळी दार उघडलं, तर टोपाची कड उन्हात घातलेल्या पापडासारखी वर वळलेली. पीईटीजी हे दुसरं प्लास्टिक ८० पर्यंत तग धरतं. बाहेरून मागवायचा विचार असेल तर तो सोडा. २०२० च्या बजेटात खेळण्यांवरची ड्युटी २० वरून ६० टक्के केली, तेव्हाच मी त्या धंद्याला हात जोडले.

कातडीबचाव
तुकोगंजी, इंदुरात राहून हा प्रश्न? अहो, चामड्याची खेळणी! आपल्याकडचे ते हत्ती, घोडे, हरणं, वाघ. प्रत्येकाच्या शोकेसमध्ये एक तरी हत्ती होता आणि त्याचा एक सुळा तुटलेला असायचा. ‘इंदूरची चामड्याची खेळणी’ म्हणून त्यांना जीआय, म्हणजे त्या गावचीच वस्तू असल्याचा सरकारी शिक्का, मिळालेला आहे, तोही रतलामी शेवेच्या आधी. हे इथल्या शंभरात पाच जणांना माहीत असेल, शेव मात्र सगळ्यांना.

काम असं चालतं: आत तारेचा सांगाडा. त्यावर कागद आणि सुतळी गच्च गुंडाळून अंग भरायचं. मग पातळ चामडं ताणून चिकटवायचं, सुरकुती पडेल तिथे बोटानं दाबत जायचं. साचा नाही. म्हणून एका हत्तीसारखा दुसरा हत्ती सापडत नाही.

आणि व्हेडर मुळात चामड्यातलाच गडी. जॉन मोलोनं त्याचा पोशाख केला तो काळ्या चामड्याचा. ब्रायन म्यूर नावाच्या शिल्पकारानं टोप मातीत घडवला. त्याही आधी राल्फ मॅकॉरीनं चित्रं काढली. तेव्हाच्या कथेत ह्याला एका यानातून दुसऱ्या यानात पोकळीतून जायचं होतं, म्हणून त्यानं तोंडाला श्वासाचं यंत्र लावलं. पुढे तेच तोंड कायमचं झालं. थोडक्यात, तिथेही हातानं काम करणारी चार माणसंच होती.

कारागिराकडे जाताना मोबाइलवर एक चकचकीत फोटो दाखवून मोकळे होऊ नका. ५०१ वी लीजन म्हणून हौशी लोकांचा जगभरचा संघ आहे, १९९७ पासूनचा. त्यांच्या साइटवर पोशाखाचा एकेक तुकडा फोटोसकट समजावलाय. त्यातले पाठीमागचे फोटो छापून न्या, पाठ कशी आहे ते कारागीर हमखास विचारतो. आणि ‘हुबेहूब करा’ हा शब्द तोंडातून काढू नका. जन्मभर जनावरं केलेल्या हाताकडून जनावरच उतरणार. उतरू द्या, त्याचेच तर पैसे देताय.

माल कसा असतो ते आधी मृगनयनीत, म्हणजे हस्तकलेच्या सरकारी दुकानात, बघून या. कारागीर मात्र लालबागेत मालवा उत्सव भरतो तेव्हा भेटतात. स्टॉलवर ‘किती’ विचारायच्या आधी ‘आपने बनाया?’ विचारा. उत्तर यायला वेळ लागला तर पुढच्या स्टॉलवर.

पावसाळ्यात चामड्याला बुरशी येते. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळू नका, बंद काचेच्या कपाटात ठेवलं तर सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, ऊन लागू देऊ नका. बाकी कोरडं फडकं.

रामबागची_आत्या
काय रे, घरात राक्षस आणून बसवता! मी नातवाला विचारलं, तर म्हणाला आजी, हा शेवटी मुलाला वाचवतो आणि मरतो. मग हा राक्षस कुठला? हा तर बाप आहे.

पेंचकस
आत्या, शेवट फोडलात!

रामबागची_आत्या
१९८३ चा सिनेमा आहे म्हणे. एवढ्यात माझी दोन बाळंतपणं होऊन नातवंडंही झाली, तुम्ही अजून बघताय? बरं, कामाचं सांगते. त्याच्याखाली अंथरायला बाघचा कपडा घ्या. धार जिल्ह्यातलं बाघ, तिथले खत्री छापतात. लोखंडातून काळा, तुरटीच्या मदतीनं लाल, मध्ये पांढरं सुटं. तुमच्या ह्याचे आणि ह्याच्या तलवारीचे रंग आयते मिळतील. ह्याच्या तोंडाचा ठसा कोरून मागू नका, एका कापडासाठी सागाचा ठसा कोरून घेणं म्हणजे पोह्यासाठी शेत घेणं.

झांकीवाल्याचा_पोर
टोपच हवा असेल, डोक्यात घालण्याएवढा, तर चामड्यापेक्षा कागदाचा लगदा बरा. अनंत चतुर्दशीच्या रात्री कापड मिलांच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, निघतात, हुकुमचंद, मालवा, कल्याण, राजकुमार, स्वदेशी. मिला बंद पडल्या तरी झांक्या थांबल्या नाहीत. त्यातले दहा-दहा फुटी राक्षस करणाऱ्या माणसाला एक काळा टोप म्हणजे हातचा मळ. वडील तेच करायचे, मी खळ ढवळायचो.

फक्त भाद्रपदात जाऊ नका, हाकलून देतील. दिवाळीनंतर जा, हात रिकामे असतात. मैद्याच्या खळीत चिमूटभर मोरचूद घातलाय ना, तेवढं विचारा. नसेल तर दोन वर्षांत कसर लागून टोपाची चाळण होते. मोरचूद विषारी, घरात लहान पोर असेल तर आतून एक हात वॉर्निशचा मारून घ्या.

पुणेरी_पाहुणा
दोन सुधारणा. १९७७ च्या पहिल्या सिनेमातला मूळ टोप डावी-उजवी सारखा नाही, हातानं मातीत केलेला असल्यामुळे गालफडं किंचित वेगळी आहेत. अर्धं करून आरशासारखं उलटवलेलं मॉडेल जास्त सुबक दिसतं आणि जास्त खोटं. दुसरं, सगळा काळाभोर रंगवू देऊ नका. चेहऱ्यावर काळा आणि शिशासारखा करडा, असे दोन रंग आहेत. बाकी ह्या गोष्टी पुण्यात

सुदामानगर_सात
बाकी राहू द्या.

कातडीबचाव
हक्कांचंही बोलून ठेवतो, कारण कुणीतरी काढेलच. व्हेडर लुकासफिल्म कंपनीचा आणि लुकासफिल्म २०१२ पासून डिस्नेची. स्वतःसाठी एक करून घेणं निराळं, पन्नास करून छप्पन दुकानच्या बाजारात टेबल लावणं निराळं. कारागिराला भरीस घालू नका, नोटीस आली तर त्याच्या पत्त्यावर येईल, आपल्या नाही.

तुकोगंजी
धागा वर काढतोय. पाच महिन्यांनी, पण काम झालं. आभार सगळ्यांचे, आत्यांचे जास्त.

चामड्याचाच केला. कारागीर साठीच्या पुढचे. खोलीत एका ओळीत तेरा घोडे वाळत होते, सगळे बिनडोळ्यांचे. छापून नेलेले फोटो त्यांनी हातात घेतले, उलटेसुलटे बघितले.
‘ये कौन जानवर है?’
‘जानवर नहीं, आदमी है. खराब वाला.’
‘फिर मुँह क्यों ढँका?’
‘साँस नहीं ले पाता, मशीन से लेता है.’
‘अच्छा. दमा.’
आणि लगेच तार कापायला घेतली. मी तिथेच बसून राहिलो. माणूस करायची सवय नसल्यामुळे पाय त्यांनी घोड्यासारखे रोवले, म्हणजे गुडघ्यात जरा मागे. मला आधी खटकलं. उभा करून बघितला तर असा काही ठाम उभा राहिला की माझे कारखान्यातले सातही जण त्याच्यापुढे बस स्टॉपवर ताटकळल्यासारखे वाटायला लागले.

उंची चौदा इंच. झूल एकाच तुकड्याची, कड न शिवता नुसती कापलेली, त्यामुळे ती खाली स्वतःच वळते. कपाळावर किंचित फुगवटा आलाय, हत्तीचा. तोंडाच्या त्रिकोणी जाळीला मेण लावलेला दोरा टाके घालून बसवलाय. छातीवरच्या पेटीला बटणं कशाची लावायची ह्यावर अर्धा तास गेला, शेवटी पाकिटाची टिचबटणं ठोकली. तलवार म्हणजे विणायची सुई, लाल रंगवलेली. गालाला काळा आणि करडा, पुण्याच्या आज्ञेप्रमाणे.

घोटाळा डोळ्यांचा झाला. मी काळ्या काचा म्हणून सांगून आलो होतो. न्यायला गेलो तर आत वाघाचे पिवळे डोळे! म्हणाले, ‘काला लगाया तो अंधा लग रहा था. बिना आँख का माल हम नहीं देते.’ मी काही बोललो नाही, पैसे दिले आणि घेऊन आलो. साडेचार हजार झाले, निम्मे आधी दिले होते. गाडीत वाटभर तो आरशातून माझ्याकडे बघत होता.

पुणेरी_पाहुणा
थांबा. १९७७ च्या टोपाच्या काचा काळ्या नव्हत्याच, पिवळट-लालसर झाक होती. पुढच्या सिनेमात, १९८० साली, गडद झाल्या. तुमच्या चाचांनी सिनेमा न बघता पहिली आवृत्ती काढली. माझ्या संग्रहात चार आहेत, चारही काळ्या डोळ्यांचे. फोटो टाका.

तुकोगंजी
टाकले. पहिल्या फोटोत मागे दिसतोय तो सरकारचा हात आहे, तो काढायला सांगू नका.

पेंचकस
दमा मी बसवून देतो. जेल रोडवरून छोटं साउंड मॉड्यूल आणतो, बुडाखाली मावेल. मूळ आवाज सिनेमाच्या बेन बर्ट ह्या आवाजवाल्यानं पाण्याखाली बुडी मारणाऱ्यांच्या श्वासयंत्रात माइक घालून धरला होता. माझ्याकडे तसलं यंत्र नाही, पण वडिलांचं नेब्युलायझर आहे.

तुकोगंजी
भिया, घरून नकार आला. म्हणे रात्री पाणी प्यायला उठल्यावर कुणी श्वास घेतलेला चालणार नाही.

झांकीवाल्याचा_पोर
चाचा अजून घेतात का ऑर्डर? मला झांकीतला रावण छोट्या आकारात करून हवाय.

तुकोगंजी
घेतात, व्यक्तिगत निरोपात पत्ता पाठवतो. दहा डोकी म्हटल्यावर भाव विचारून घ्या, ते डोक्यावर मोजतात.

आता माझा एक नवा प्रश्न. काल आईनं चैत्रगौरीचं हळदीकुंकू केलं. आरास मांडताना खेळणी कमी पडली म्हणून मला न विचारता व्हेडर उचलला आणि जुन्या चामड्याच्या हत्तीशेजारी, टरबुजाच्या कमळामागे उभा केला. बायका येऊन त्यालाही कुंकू लावून गेल्या. एकीनं विचारलं, ‘हे कोण, शनिमहाराज का?’ तिथवर ठीक. पण वाढताना कुणाच्या तरी हातून कैरीच्या डाळीची वाटी कलंडली. झुलीवर फोडणीच्या तेलाचा डाग आहे, रुपयाएवढा, हळदीसकट. चामड्यावरून कसा काढू? चाचांचा फोन लागत नाही.

रामबागची_आत्या
पाणी लावू नकोस आणि घासूही नकोस. टिपकागदानं टिपून घे, वर खडूची पूड नाहीतर कॉर्नफ्लोअर जाडसर भुरभुरव आणि रात्रभर सोड. सकाळी मऊ ब्रशनं झटक. तेल सुटलं नाही तर परत. हळद काळ्यावर दिसत नाही. उन्हात मात्र ठेवू नकोस, चामडं तडकेल. आणि आईला सांग, पुढच्या वर्षी त्याला डाळीपासून लांब, पन्ह्याच्या बाजूला उभा करा.

तुकोगंजी
पूड टाकली. सध्या डोक्यापासून पायापर्यंत पांढरा उभा आहे. उद्या सांगतो.