काउंटी बोर्डाच्या मीटिंगला गेलो, तीन तास बसलो, डोक्यावरून गेलं

गच्चीवरचा_कावळा

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलाय, आधीच माफी मागतो. कॅलिफोर्नियात राहतो, काउंटीचं (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) नाव मुद्दाम लिहीत नाही. आमच्या पत्त्यात शहराचं नाव येतं म्हणून सहा वर्षं मी समजत होतो की आपण त्या शहरात राहतो, गेल्या महिन्यात घरी एक कार्ड आलं तेव्हा कळलं की आमची गल्ली शहराच्या हद्दीत नाहीच, अनइन्कॉर्पोरेटेड का काय म्हणतात तसली, म्हणजे मेयर नाही, कौन्सिल नाही, जे काय आहे ते काउंटीचं बोर्ड ऑफ सुपरवायझर्स. कार्डावर लिहिलेलं की आमच्या कुंपणामागची अक्रोडाची बाग शेतीच्या झोनमधून काढून घरांच्या झोनमध्ये टाकायचीय, मंगळवारी सकाळी ९ वाजता पब्लिक हिअरिंग.

रजा टाकून गेलो. आधी प्लेज, म्हणजे झेंड्यापुढची शपथ, सगळे उभे, मीही उभा राहिलो, हात छातीवर ठेवायचा की नाही या गोंधळात तो शर्टाच्या खिशाशी चाळा करत राहिला. मग रस्ते खात्यातून रिटायर होणाऱ्या एका काकांचा सत्कार, फ्रेम केलेला कागद, फोटो, काकांच्या नातवासोबत परत फोटो, यात वीस मिनिटं गेली. त्यानंतर चेअरबाई म्हणाल्या कन्सेंट, आयटम ५ ते ३८, १४ नंबर बाजूला, मोशन, सेकंड, ऑल इन फेवर, झालं. तेहतीस विषय एका मिनिटात! मी अजून अजेंड्याचं पान उलटत होतो.

मग पब्लिक कमेंट. मी उठलो, अक्रोडाच्या बागेबद्दल बोलायला लागलो तर चेअरबाईंनी थांबवलं, हा आयटम नंतर आहे तेव्हा बोला. बरं म्हटलं, उभे आहोतच तर आमच्या चौकात स्टॉप साइन नाही ते विचारतो. विचारलं. पाचही जण माझ्याकडे बघत होते, एकाने पाणी प्यायलं, घड्याळ हिरव्याचं पिवळं, पिवळ्याचं लाल झालं, थँक्यू, नेक्स्ट स्पीकर. उत्तर शून्य. पुढे अकराच्या सुमारास सगळे उठून मागच्या दाराने आत गेले, क्लोज्ड सेशन म्हणे, पाऊण तासाने बाहेर आले आणि माझा आयटम आला तेव्हा अर्जदाराच्या विनंतीवरून २४ तारखेपर्यंत पुढे ढकलला. संपलं.

हे काय होतं? सगळं आधीच ठरवून येतात का? मला कोणी उत्तर का दिलं नाही, आणि मी ग्रीनकार्डवर आहे तर मुळात बोलायचा हक्क तरी आहे का? इथे कोणी असल्या कमिटीत वगैरे असेल तर प्लीज सांगा. बायको म्हणते रजा फुकट गेली.

---

मोडी_वाचक

रजा फुकट गेली नाहीये. मी कॅलिफोर्नियातच दुसऱ्या एका काउंटीच्या प्लॅनिंग कमिशनवर काही वर्षं होतो, पहिल्या दोन मीटिंगा मलाही असंच झालेलं.

आधी तुमच्या जखमेवर मलम. तुम्हाला उत्तर दिलं नाही तो उद्धटपणा नव्हता (थोडा असेल, पण मुख्य कारण ते नाही). इथे ब्राउन ॲक्ट म्हणून कायदा आहे, १९५३ चा, त्यानुसार नेहमीच्या मीटिंगचा अजेंडा ७२ तास आधी लावावा लागतो आणि जे अजेंड्यावर नाही त्यावर बोर्डाला चर्चा करून निर्णय घेता येत नाही. का, तर समजा तुमच्या चौकात स्टॉप साइन नकोय असा एखादा शेजारी असेल, त्याला आज हा विषय निघणार हे कळायला काही मार्गच नव्हता. एखाद्या ओळीचं उत्तर, किंवा स्टाफला बघा म्हणून सांगणं, एवढं चालतं, पण काउंटीचा वकील शेजारीच बसलेला असतो आणि बरेच सुपरवायझर सरळ गप्प बसणं पसंत करतात. समोर उभ्या माणसाला ते भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं हे खरंच आहे. स्टॉप साइनसाठी तुमच्या डिस्ट्रिक्टच्या सुपरवायझरच्या ऑफिसला फोन करा, तिथे एक एड म्हणजे मदतनीस असतो, बहुतेक तरुण पोरगा किंवा पोरगी, तो पब्लिक वर्क्सला मेल टाकतो आणि मग कोणीतरी येऊन गाड्या मोजतं. माइकवर बोलून साइन लागलेली मी बघितलेली नाही, एडच्या मागे लागून लागलेली बघितलीय.

आता कन्सेंट, म्हणजे नेहमीचे विषय एकाच मतात एकगठ्ठा मंजूर करायची यादी. तेहतीस विषय मिनिटात म्हटलं की घोटाळा वाटतो. पण तो अजेंडा परत उघडा आणि प्रत्येक आयटमखालची लिंक दाबा. मागच्या मीटिंगचे मिनिट्स (इतिवृत्त) मंजूर, डांबराचं कंत्राट एक वर्ष वाढवलं, राज्याकडून आलेली ग्रांट स्वीकारली, लायब्ररीच्या छपराचं काम पूर्ण झाल्याची नोंद, डास-नियंत्रणाच्या डिस्ट्रिक्टच्या बोर्डावर एकाची नेमणूक, असलंच सगळं. प्रत्येकामागे स्टाफ रिपोर्ट असतो, कुठे दोन पानी कुठे दोनशे पानी, तो खात्याने लिहिला, वकिलाने तपासला, काउंटी ॲडमिनिस्ट्रेटरच्या टेबलावरून पुढे गेला, आणि मंगळवारची मीटिंग असेल तर साधारण शुक्रवारपर्यंत वेबसाइटवर पडला. काम तिथे झालेलं असतं, मंगळवारी नुसता शिक्का. तुम्ही ऐकलं ना १४ नंबर बाजूला, म्हणजे कुणीतरी तो पुल केला, त्यावर वेगळी चर्चा वेगळं मतदान. आणि कन्सेंटवर मत पडायच्या आधी तुम्हीही त्यातल्या कुठल्याही आयटमवर बोलू शकता, लोकांना हे माहीतच नसतं आणि चेअर ते इतक्या भरभर विचारतात की खुर्चीतून उठेपर्यंत गाडी गेलेली असते.

बोलायच्या हक्काबद्दल, नागरिक असण्याशी काही संबंध नाही. ग्रीनकार्ड, व्हिसा, पाहुणे, कोणीही. मीटिंगला नुसतं बसायला तर नाव लिहून द्यायचीही सक्ती नाही, सहीचा कागद ठेवलाच तर त्यावर हे ऐच्छिक आहे असं लिहावं लागतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं शेवटी लिहितोय, नीट वाचा. तुमचं हिअरिंग मीटिंगमध्ये तारीख सांगून पुढे ढकललंय. अशा वेळी बहुतेक ठिकाणी पुन्हा कार्ड येत नाही. तुम्ही तिथे बसला होतात म्हणून तुम्हाला २४ कळली. कार्डाची वाट बघत घरी बसलेल्या शेजाऱ्यांना कळणार नाही. त्यांना सांगा.

---

वरवंटा

मोडीभाऊ छान समजावलंत पण माणसाने सरळ विचारलंय की सगळं आधीच ठरतं का, तर हो, ठरतं. मागच्या दाराने आत गेले म्हणतायत ना ते, तिथेच.

---

मोडी_वाचक

@वरवंटा, मागच्या दाराने आत जाऊन अक्रोडाची बाग विकता येत नाही. क्लोज्ड सेशनची कारणं कायद्याने ठरलेली आहेत, चालू कोर्टकेस, युनियनशी पगाराच्या वाटाघाटी, एखाद्या अधिकाऱ्याची नेमणूक किंवा मूल्यमापन, काउंटी जागा घेत-विकत असेल तर भाव काय लावायचा ते. कुठलं कारण आहे ते अजेंड्यावर छापावं लागतं आणि निर्णय झाला असेल तर कायद्यात सांगितलेले निर्णय बाहेर येऊन जाहीर करावे लागतात. चेअर बहुधा एकच वाक्य म्हणतात, नो रिपोर्टेबल ॲक्शन, आणि पाऊण तास ताटकळलेली जनता एकमेकांकडे बघते. झोनिंग तिथे चालत नाही.

पाच जणांच्या बोर्डात तिघांनी बाहेर भेटून काउंटीच्या विषयावर बोलणंसुद्धा चालत नाही. दोघं बोलले आणि त्यातला एक जाऊन तिसऱ्याशी बोलला तरी तोच गुन्हा, ईमेल फिरवली तरी तेच. त्यामुळे आमच्याकडे दोन कमिशनर कॉफी पीत असले आणि तिसरा आत शिरला की तो तसाच मागे वळायचा, शप्पथ.

पण तुमच्या शंकेत दम नाही असं नाही. बिल्डरला पाचही सुपरवायझरना एकेकटं भेटता येतं, फक्त एकाचं मत दुसऱ्याला पोचवायचं नाही. रिझोनिंगच्या बाबतीत हे चालतं, आणि बिल्डरचा माणूस हेच काम करायला पगार घेतो. मात्र तेच दार कावळेभाऊंनाही उघडं आहे, अपॉइंटमेंट मागितली तर पंधरा मिनिटं मिळतात. सामान्य माणूस मागत नाही, तो थेट हिअरिंगला येतो आणि त्याला वाटतं लढाई आज सुरू होतेय.

---

टेक्सासकर

आमच्याकडे याला कमिशनर्स कोर्ट म्हणतात, बोर्ड नाही. २५४ काउंट्या आहेत आणि प्रत्येकीत चार कमिशनर आणि वर एक काउंटी जज. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा टाय घालून गेलो, म्हटलं कोर्ट आहे, जज आहे. आत बघतो तर पुलाखालची मोरी कोण साफ करणार यावर वाद. लुइझियानात तर काउंटीला काउंटीच म्हणत नाहीत, पॅरिश म्हणतात. कनेक्टिकटने १९६० मध्ये काउंटी सरकारच बंद करून टाकलं, सुखी लोक.

अवांतर: आमच्या टेक्सासात काउंटीला झोनिंगचा अधिकार जवळपास नाहीच. शहराबाहेर अक्रोडाच्या बागेत उद्या गोदाम उभं राहिलं तर बोर्डापुढे बोलायला माइकसुद्धा नाही. तुम्हाला तीन मिनिटं मिळतात त्याची किंमत ओळखा.

---

जर्सीची_काकू

+१ नावांच्या गमतीला. आमच्या न्यू जर्सीत २०२१ पर्यंत काउंटीच्या सदस्यांना फ्रीहोल्डर म्हणायचे, चोझन फ्रीहोल्डर. मतदानाच्या कागदावर ते वाचून मी पंधरा वर्षं तेवढा रकाना कोरा सोडला, वाटायचं हे जमीनदारांचं काहीतरी असेल, आपला काय संबंध. आता कमिशनर झालेत. कावळेभाऊ तुमच्या पाचांना नावं ठेवू नका हो, लॉस एंजेलिस काउंटीत साधारण एक कोटी लोकांना मिळून पाचच सुपरवायझर, २०२४ च्या नोव्हेंबरात लोकांनी मत देऊन नऊ करायचं ठरवलं तेव्हा कुठे.

---

खड्डेश्वर

कन्सेंटवरून आठवलं, मी त्या कन्सेंटवर होतो. म्हणजे माझी गाडी होती. काउंटीच्या रस्त्यावरच्या खड्ड्यात टायर फुटला आणि रिम वाकली, कोणीतरी सांगितलं काउंटीकडे भरपाईचा क्लेम टाक, टाकला. असल्या क्लेमला सहा महिन्यांची मुदत असते, मी पाचव्या महिन्यात टाकला. मग एका मंगळवारी गंमत म्हणून अजेंडा बघतो तर आयटम २२, काउंटीविरुद्धचे खालील क्लेम नाकारणे, खाली तीन नावं आणि त्यात मी. पाच-शून्य. मला कोणी वाईटही वाटून घेतलं नाही, माझं नाव उच्चारलंसुद्धा नाही. नंतर पत्र आलं, हवं तर सहा महिन्यांत कोर्टात जा. रिमसाठी कोण जातंय.

तेव्हापासून दर शुक्रवारी अजेंडा वाचतो. व्यसन लागलंय म्हणा ना. सांगण्यासारखी एकच गोष्ट, वर्षाच्या मध्येच अचानक आलेला पैसा बजेटमध्ये टाकायचा असला तर साध्या बहुमताने चालत नाही, पाचापैकी चार मतं लागतात, अजेंड्यावर आयटमपुढे ४/५ असं लिहिलेलं असतं. तसं दिसलं की तो आयटम उघडून वाचायचा, बहुतेक वेळा खरी बातमी तिथेच असते.

---

गच्चीवरचा_कावळा

सगळ्यांचे आभार, काल रात्री मोडीभाऊंनी सांगितल्याप्रमाणे माझ्या आयटमचा स्टाफ रिपोर्ट उघडला. १८६ पानं. बायको म्हणाली झोप, मी म्हटलं नकाशापर्यंत बघतो. नकाशात आमचं घर आहे, छोटासा चौकोन, त्यावर पार्सल नंबर (जमिनीच्या तुकड्याचा), मागे बाग आणि बागेतून नवा रस्ता काढलाय तो सरळ आमच्या चौकात येतोय, तोच चौक जिथे स्टॉप साइन नाही. आणि मग पान ९ वर हे सापडलं, प्लॅनिंग कमिशनने चार महिन्यांपूर्वीच हिअरिंग घेऊन ४-१ ने शिफारस केलीय. म्हणजे त्यांनी तेव्हाही कार्ड पाठवलं असणार ना?

---

मोडी_वाचक

पाठवलं असणार. कायद्याने किमान २० दिवस आधी, जागेपासून ३०० फुटांच्या आतल्या मालकांना. तुमचं कुंपणच लागून आहे म्हणजे नक्कीच. रस्त्यापलीकडचे शेजारी ३०० फुटांबाहेर असतील तर त्यांना दोन्ही वेळा काहीच आलेलं नसेल.

चार-एक झालंय म्हणून हातपाय गाळू नका, कमिशन फक्त शिफारस करतं, शेवटचं मत बोर्डाचं. तो जो एक जण विरोधात गेला त्याने काय म्हटलं ते त्या दिवशीच्या मिनिट्समध्ये शोधा, व्हिडिओ असेल तर आणखी बरं, बऱ्याचदा तुमचा मुद्दा त्याने आधीच मांडलेला असतो.

आता पत्र लिहा. क्लर्क ऑफ द बोर्डला, आयटमचं नाव आणि २४ तारीख वर टाकून. अक्रोडाची झाडं किती सुंदर दिसतात यावर एकच वाक्य, जास्त नको. बाकी सगळं त्या रस्त्यावर आणि चौकावर, ट्रॅफिकचा अभ्यास कुठल्या पानावर आहे, त्यात तुमचा चौक मोजलाय का. हे लेखी जायला हवं कारण पुढे कोणी कोर्टात गेलंच तर साधारणपणे हिअरिंगला किंवा त्याआधी लेखी मांडलेलेच मुद्दे घेता येतात. तुमच्या कार्डाच्या तळाशी बारीक अक्षरात हेच लिहिलेलं असेल, बघा.

---

गच्चीवरचा_कावळा

लिहिलेलं आहे. भिंग घेऊन वाचलं.

आणि पहिलं कार्ड सापडलं. गराजमध्ये, पिझ्झाच्या कूपनांच्या गठ्ठ्यात, मीच जंक मेल समजून टाकलेलं. बायकोला अजून दाखवलेलं नाही. ट्रॅफिकच्या अभ्यासात आमचा चौक नाहीये, त्याच्या पुढचा आहे. शेजारच्या तीन घरांत जाऊन आलो, दोघांना तारीख पुढे गेलीय हे माहीतच नव्हतं. २४ ची रजा टाकलीय, यावेळी पूर्ण दिवसाची.

---

वरवंटा

कार्ड बायकोला दाखवू नका.