पणजीच्या मनात परस्पर शिरू नका

मिरजकर: काल इथं वाईच्या कुणीतरी पणजीचा शंभरेक वर्षांपूर्वीचा स्टुडिओतला फोटो टाकला. नऊवारी, नथ, हातात पुस्तक, चेहरा गंभीर. खाली मजकूर, 'हिला शिकायचं होतं, शिकू दिलं नाही, ती खंत डोळ्यांत गोठलीय.' झालं, बदामांचा पाऊस! अहो, पुस्तक स्टुडिओवाल्याचं. खुर्ची त्याची, मागचा रंगवलेला महालही त्याचाच. माझ्या आज्याच्या फोटोत खिशाला फाउंटन पेन आहे, आणि आजा अंगठेबहाद्दर! आपली दुःखं मेलेल्या माणसांच्या गळ्यात कशाला बांधायची?

वाईची लेक: 'कुणीतरी' म्हणजे मीच. बाराव्या वर्षी लग्न झालं तिचं, आजीच्या तोंडून ऐकलंय. आणि फोटो नीट बघा. पुस्तक नुसतं मांडीवर नाही, बोट पानांत घातलंय. खूण ठेवल्यासारखं.

मिरजकर: बोटही फोटोग्राफरनेच घालायला लावलं असणार.

कराडचा आप्पा: गंभीर चेहऱ्याचं सोपं आहे. तेव्हा मिनिटभर हलायचं नसे, मग हसणार कोण?

मिरजकर: आप्पा, ते १८४० च्या सुमाराचं. १९२० पर्यंत फोटोच्या तयार कोरड्या काचा, म्हणजे ड्राय प्लेट, आल्या होत्या, क्षणात काम व्हायचं. फोटोत दात काढणं बरं दिसत नसे, एवढंच.

अपशिंगेकर: आमच्या गावचे पहिल्या महायुद्धात ४६ जण कामी आले. त्यात आमचा पणजा. मेसोपोटेमियाला निघण्याआधीचा फोटो आहे घरी. जो येतो तो म्हणतो, 'बघा, परत येणार नाही हे त्याला कळलं होतं, डोळेच सांगतात.' शेजारी त्याचा धाकटा भाऊ उभाय, डोळे अगदी तसेच. तो परत आला, ऐंशी वर्षं जगला आणि भावकीशी शेवटपर्यंत भांडला.

सांगलीवाडी: फोटो शाबूत आहेत म्हणून तुमची ही चैन चाललीय. २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, आमची भिंतच्या भिंत बुडाली. फ्रेमा उघडल्या तर फोटो काचेला चिकटलेले. घाईत ओढले. आजीचं कपाळ काचेवर राहिलं, हनुवटी कागदावर. सगळी कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची कृपा.

कराडचा आप्पा: आली का अलमट्टी! पुराची कारणं शोधणाऱ्या वडनेरे समितीचा अहवाल वाचा. पुराला अलमट्टी कारण नाही म्हणतात ते.

सांगलीवाडी: समितीच्या घरात पाणी शिरलं होतं का? धरणाची ५१९.६० मीटरची उंची आता ५२४.२५६ वर न्यायचीय कर्नाटकाला. मग बोला.

कराडचा आप्पा: आधी पूररेषेत प्लॉट कुणी पाडले ते बोला. ओढे बुजवायचे आणि कर्नाटकाच्या नावानं बोंबलायचं.

सांगलीवाडी: आमचं घर तीन पिढ्यांचं आहे, तोंड सांभाळून. कोयनेतनं पाणी सुटतं तेव्हा तुम्ही प्रीतिसंगमावर उभं राहून व्हिडिओ काढता, आम्ही गुरं सोडतो.

मिरजकर: धागा फोटोंचा आहे हो!

सांगलीवाडी: मग मी काय भाकरीचं बोलतोय?

तासगावच्या काकू: भांडू नका रे. आमच्या आजेसासूबाईंच्या फोटोला सगळे म्हणतात, 'काय तेज आहे डोळ्यांत!' तो फोटो त्या गेल्यावर काढलाय. खुर्चीत बसवलं, पडू नये म्हणून पाठीमागून धोतराने बांधलं. मिटलेल्या डोळ्यांवर पेंटरने नंतर ब्रशने डोळे काढले. डावा जरा मोठाच झालाय. हे ठाऊक असूनही दिवा लावताना मी जावेची गाऱ्हाणी त्यांनाच सांगते. त्यांना काय वाटतं तेही मला कळतं.

वाईची लेक: घ्या, मिरजकर!

मिरजकर: काकू आपल्या देव्हाऱ्यापुढं बोलतात. चार लोकांत 'आजेसासूबाईंना असं वाटत होतं' म्हणून छापत नाहीत.

वाईची लेक: बरं बाई, 'असं मला वाटतं' जोडते, झालं समाधान? आता तुमचं. पेन स्टुडिओचं होतं हे तुम्हाला कुणी सांगितलं?

मिरजकर: वाटणीपत्रावर आज्याचा अंगठा आहे.

वाईची लेक: अंगठेवाल्यानं हौसेनं पेन घेऊ नये? म्हणजे माझ्या पणजीला मन नव्हतं, आणि तुमच्या आज्याचं सगळं तुम्हाला पाठ.

मिरजकर: घेतलं असेल. असेल म्हणतोय, होतं म्हणत नाही.

वाईची लेक: एवढं तुमच्याकडून निघालं, बास झालं.

सांगलीवाडी: आप्पा, पळू नका. ५२४ चं उत्तर राहिलंय.