मदत हवी आहे: कंट्रोल-शिफ्ट-के सर्व्हरवर नुसतं कंट्रोल-के का होतं?

नमस्कार मंडळी. उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीचे सर्व्हर मी सांभाळते. माझ्या मशीनवर अ‍ॅलाक्रिटी हे टर्मिनल (आज्ञा लिहायची खिडकी) आणि त्यात फिश ४ हे शेल (आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्रॅम) आहे, सर्व्हरवर एसएसएचनं, म्हणजे दुरून लॉगिन करून, गेलं की बॅश हे साधं शेल. फिशमध्ये मी कंट्रोल-शिफ्ट-के ला 'लिहिलेली ओळ क्लिपबोर्डवर घे' हे काम लावलंय. आता बोटं आपोआप तिकडं जातात.

गेल्या आठवड्यात सर्व्हरवर जुना बॅकअप काढून टाकायची ओळ लिहिली. एंटर मारायच्या आधी ती नोंदीत ठेवावी म्हणून सवयीनं कंट्रोल-शिफ्ट-के दाबलं. कर्सर ओळीच्या मधे होता. बॅशनं ते नुसतं कंट्रोल-के धरलं, म्हणजे 'कर्सरपुढची ओळ काप', आणि पुढचं सगळं गेलं. 'बॅकअप/२०१९' मधलं २०१९ गायब, ओळीत राहिलं नुसतं 'बॅकअप'. म्हणजे सगळ्या वर्षांचा बॅकअप. बोट एंटरवर पोचलं होतं, नजर गेली म्हणून वाचले. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग तपासत बसले. बॅशमध्ये कंट्रोल-व्ही दाबून आधी कंट्रोल-के आणि मग कंट्रोल-शिफ्ट-के दाबलं, दोन्हीला एकच खूण उमटली. इकडं फिशच्या की-रीडरमध्ये (दाबलेली कळ ओळखून दाखवणारं साधन) मात्र दोन वेगळ्या कळा दिसतात. कळफलक तोच, टर्मिनल तेच, मग फरक पडतो कुठं?

दुसरी अडचण इनस्क्रिप्टची, म्हणजे मराठी कळफलकाच्या मांडणीची. पॅटर्नची (ओतकामाच्या नमुन्यांची) नावं आम्ही मराठीत ठेवतो, त्यामुळं निम्मा वेळ मराठी ले-आउट चालू असतो. बॅशच्या इतिहासातल्या (आधी दिलेल्या आज्ञांच्या यादीतल्या) पहिल्या ओळीवर जायला ऑल्ट आणि 'पेक्षा लहान'ची खूण लागते. ती इंग्रजीत शिफ्ट-स्वल्पविरामावर आहे, पण इनस्क्रिप्टमध्ये तिथं ष येतो. अशा कळांचं तुम्ही काय करता?

दोन्हीकडं चालेल असा एकच शॉर्टकट हवाय. निदान चुकून दाबला तरी नुकसान करणार नाही असा.

प्रतिसाद १

ताई, थोडक्यात निभावलं. पुढच्या वेळी ओळ अशी कापली गेली तर लगेच कंट्रोल-वाय दाबा, कापलेलं परत येतं. हे आधी बोटांत बसवा, बाकीचं नंतर.

आता कारण. जुन्या पद्धतीत टर्मिनल शेलला कळ पाठवतच नाही, बाइट पाठवतं. आस्कीमध्ये, म्हणजे अक्षरांना आकडे देणाऱ्या जुन्या तक्त्यात, मोठा के (K) ७५ आणि लहान के (k) १०७. कंट्रोल धरला की खालचे पाच बिटच राहतात आणि दोन्हींचे ११ होतात. शिफ्टची खूण तिथंच पुसली जाते, बॅशला ती कधी दिसतच नाही. फिश ४ टर्मिनलला किटी या दुसऱ्या टर्मिनलनं आणलेली कळा कळवायची नवी पद्धत (प्रोटोकॉल) चालू करायला सांगतं आणि अ‍ॅलाक्रिटीला ती कळते. त्यात १०७ हा आकडा आणि सोबत ६ जातात. ६ म्हणजे मूळचा १, शिफ्टचा १ आणि कंट्रोलचे ४. अक्षराचा आकडा कायम बिनशिफ्टचाच असतो, शिफ्ट वेगळी सांगितली जाते. एसएसएच सुरू करताना फिश हे बंद करतं, म्हणून सर्व्हरवर पुन्हा जुनंच राज्य.

तुमचं काम ऑल्ट-शिफ्ट-के वर हलवा. ऑल्ट धरला की आधी एस्केप जातो आणि मागून अक्षर जसंच्या तसं, त्यामुळं लहान-मोठ्याचा फरक जुन्या पद्धतीतही टिकतो. बॅश मात्र ऑल्टसोबतचं मोठं अक्षर मुळात लहान समजून चालवतं, आणि ऑल्ट-के ला तिथं काहीच काम लावलेलं नाही. चुकून दाबलं तरी ओळ शाबूत राहील.

आणि ओळ फक्त जपून ठेवायची असेल तर बॅशमध्ये ऑल्ट आणि हॅशची खूण दाबून बघा. ओळीच्या सुरुवातीला हॅश लागतो, ओळ न चालता इतिहासात जाते. पुसायच्या ओळी मी आधी अशाच ठेवतो.

इनस्क्रिप्टला मला जमलेला उपाय एकच: खुणांचे शॉर्टकट सोडायचे. क जाताना तीन बाइट जातात, एस्केपच्या मागं ते आले तर बॅशला त्यातलं काही उमगत नाही. इतिहासातली पहिली ओळ मी शिफ्ट-एफ५ वर घेतलीय. फंक्शनच्या कळा ले-आउट बदलला तरी त्याच राहतात. कंट्रोल-व्ही दाबून तुमचं टर्मिनल तिथं काय पाठवतं ते बघा आणि तेच इनपुट-आरसीमध्ये (बॅशच्या कळांची सेटिंग असलेल्या फाइलमध्ये) लिहा.

धागाकर्ती

दादा, खूप आभार. ऑल्ट-शिफ्ट-के दोन्हीकडं तपासलं. फिशमध्ये ओळ कॉपी होते, सर्व्हरवर काही हलत नाही. मराठी ले-आउट चालू असताना मात्र त्या कळेवर ख उमटतो, म्हणून ओळ कॉपी करायचं कामसुद्धा शिफ्ट-एफ६ वर नेतेय. जुन्या कंट्रोल-शिफ्ट-के चं फिशमधलं काम काढून टाकलं. बोटं अजून तिकडंच जातात, पण आता माझ्या मशीनवरही काही घडत नाही, म्हणून हळूहळू सुटेल. शिफ्ट-एफ५ चे बाइट उद्या सर्व्हरवर बघून इथं लिहिते.