हरभऱ्याच्या रानात सापडलेली सशाची पिल्ले

प्रश्न (शिवार): हरभऱ्याची काढणी चालू असताना आमच्या बांधालगतच्या गवतात सशाची दोन पिल्ले दिसली. त्यांच्या अंगावर दाट केस असून डोळेही उघडे आहेत. शेजारच्या पाळीव सशिणीची पिल्ले मात्र जन्मतात तेव्हा अगदी उघडी आणि मिटल्या डोळ्यांची असतात. हा फरक कशामुळे, आणि ही पिल्ले त्या सशिणीखाली ठेवली तर ती त्यांना पाजेल का?

माळरान: कृपया ती पिल्ले उचलू नका. मानेवर काळा डाग असलेला आपला रानससा आणि पाळीव ससा हे मुळातच वेगळे प्राणी आहेत. पाळीव सशाचे सगळे वाण स्पेन-पोर्तुगालकडच्या युरोपीय सशापासून निघाले असून, तो ससा जमिनीखाली बिळे खोदून समूहाने राहतो. सशीण महिनाभरात विते आणि स्वतःचे केस उपटून केलेल्या उबदार गादीवर पिल्ले ठेवते, त्यामुळे ती अपुऱ्या वाढीची असली तरी निभावते. रानससा बीळ खोदत नाही. गवतातल्या उथळ खळग्यात तो दिवसभर दबून बसतो. त्याच्या पिल्लांना पहिल्या दिवसापासून उघड्यावरच राहायचे असल्याने ती सुमारे दीड महिना पोटात वाढून, केसांसह आणि उघड्या डोळ्यांनी जन्मतात.

गवताळ: वरील माहितीत एवढीच भर घालतो की, एकटी दिसणारी पिल्ले पोरकी नसतात. आपल्या मागावर कोल्हा किंवा कुत्रा तिथपर्यंत पोहोचू नये म्हणून रानसशीण दिवसभर पिल्लांपासून दूर राहते आणि साधारणतः दिवसातून एकदाच, अंधार पडू लागल्यावर, काही मिनिटांत पाजून निघून जाते. दूध अतिशय स्निग्ध असल्यामुळे तेवढे पुरते. पाळीव सशिणीचा विचार तर सोडूनच द्यावा. युरोपीय सशाची गुणसूत्रे ४४, रानसशाची ४८, इतके हे दोघे दूरचे आहेत. शिवाय वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार रानससा घरी ठेवता येत नाही.

शिवार: मनापासून आभार. पिल्ले जागेवरच आहेत; तेवढा भाग सोडून काढणी पुढे नेली आहे आणि कुत्रे बांधून ठेवले आहेत. एखादे पिल्लू जखमी आढळले तर काय करावे?

माळरान: त्याला गाईचे दूध पाजू नये. हवेशीर खोक्यात, अंधारात आणि शांत जागी ठेवून वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.