शनिवारचा सामना आणि माझ्या मुलीची टेस्ट

लेकीची आई, २१ ऑक्टोबर २०२०

बिग टेन ही मिशिगन, ओहायो स्टेट अशा अमेरिकन विद्यापीठांची खेळसंघटना. तिच्या अमेरिकन फुटबॉलबद्दल कोलंबसकरांनी काल इथे लिहिलं, "शुक्रवारपासून बिग टेनचं फुटबॉल सुरू. खेळाडूंनाच खेळायचं होतं. घरात बसून घाबरणाऱ्यांनी आता तरी गप्प बसावं." रात्रभर डोक्यातून गेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

११ ऑगस्टला याच बिग टेनने कोरोनामुळे हंगाम पुढे ढकलला. १६ सप्टेंबरला निर्णय फिरवला. मधल्या पाच आठवड्यांत विषाणू काही मवाळ झाला नव्हता. दक्षिणेतले संघ खेळणार हे नक्की झालं, दडपण वाढलं आणि खेळाडूंची रोज अँटिजेन टेस्ट करायची सोय झाली. सोय झाली याचा मला आनंदच आहे. पण मग ती वर्गातल्या मुलांना का नाही?

काल वॉशटेनॉ काउंटीने (म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाने) मिशिगन विद्यापीठातल्या पदवीच्या मुलांना दोन आठवडे राहत्या जागीच थांबायला सांगितलं. वर्ग, जेवण, औषधपाणी, एवढ्यापुरतंच बाहेर. काउंटीतल्या निम्म्याहून जास्त केसेस विद्यापीठाशी जोडलेल्या आहेत. विद्यापीठाच्या संघांना मात्र सूट. शनिवारी मिनेसोटात सामना आहेच.

माझी मुलगी दुसऱ्या एका विद्यापीठात आहे. रूममेट पॉझिटिव्ह आली, हिचा घसा दुखायला लागला, आणि टेस्टची वेळ मिळाली चार दिवसांनंतरची. जेवण दाराबाहेर कागदी पिशवीत: गार बेगल, एक सफरचंद, पीनट बटरची पुडी. व्हिडिओवर मला विचारते, "आई, वरणाला फोडणी आधी की नंतर?" तिच्या खिडकीतून सरावाचं मैदान दिसतं. त्या मुलांवर माझा राग नाही, तीही कुणाची तरी लेकरं आहेत. पण एकाच आवारात एकाला रोज टेस्ट आणि दुसरीला चार दिवस वाट, हे मला पटत नाही. मी गप्प बसणार नाही.

कोलंबसकर

ताई, मुलीचं वाचून वाईट वाटलं. पण त्याचा राग फुटबॉलवर काढू नका. आमच्या ओहायो स्टेट विद्यापीठाचा खेळाडू जस्टिन फील्ड्स याने हंगाम व्हावा म्हणून अर्ज काढला तेव्हा तीन लाखांहून जास्त सह्या पडल्या. ही पोरं दहा-बारा वर्षं एका हंगामासाठी घाम गाळतात. घरी पाठवलं असतं तर गावात मोकाट फिरली असती. इथे निदान रोज टेस्ट होते. पॉझिटिव्ह आला तर २१ दिवस सामना नाही, आणि हृदयाची तपासणी झाल्याशिवाय परत घेत नाहीत. याहून जास्त काळजी कोण घेतंय?

आणि माझं सांगतो. स्टेडियमपासून दोन गल्ल्यांवर माझं छोटं हॉटेल आहे. घरच्या सामन्यांचे सहा-सात शनिवार वर्षाचं भाडं काढून देतात. मार्चपासून दोन आचारी मी घरी बसवलेत. त्यांच्या घरी चूल पेटते का, हे कुणी विचारत नाही.

लेकीची आई

प्रेक्षकांना तिकिटंच नाहीत, दादा. फक्त खेळाडूंचे घरचे लोक. तुमच्या हॉटेलात येणार कोण?

कोलंबसकर

पार्सल जातं. घरी टीव्हीसमोर बसलेला माणूसही खातो. पण हो, गर्दीच्या दिवसाची सर त्याला नाही, ते मान्य.

आयोवातला बाबा

फुटबॉल नाही तर पैसा नाही, म्हणून आयोवा विद्यापीठाने ऑगस्टमध्ये चार खेळ बंद करायचं जाहीर केलं. पोहणं त्यात आलं. माझा मुलगा पहाटे साडेचारला उठून पोहतो, पुढल्या वर्षी तिथे जायचं स्वप्न होतं. फुटबॉल परत आलं, ते चार खेळ नाही आले. यावर कुणी सह्या गोळा करणार आहे का?

दिवेघाट

मी सासवडचा, सध्या शिकागोत. आमच्या दारावरून पालखी जाते. आई दरवर्षी दिंडीला पिठलं-भाकरी घालते. यंदा पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, मोजक्या माणसांसह. आषाढीला आईने ओटा सारवला, रांगोळी काढली आणि दिवसभर रिकाम्या रस्त्याकडे बघत बसली. शेकडो वर्षांची वारी थांबू शकते, तर एक हंगाम का नाही?

कोलंबसकर

वारीत लाखो माणसं चालतात. इथे मोजके खेळाडू, तेही तपासलेले. तुलनाच चुकीची. शिवाय इथल्या माणसाला शनिवार म्हणजे वारीच असते.

दिवेघाट

वारीचं नाव असं घेऊ नका. वारीत कुणी कुणाला हरवायला जात नाही, आणि तिच्या प्रक्षेपणाचे हक्क विकले जात नाहीत. माझी आजी अनवाणी चालली आहे.

कोलंबसकर

माझेही आजोबा माळकरी होते, मला वारी शिकवू नका! एक लाखाच्या स्टेडियममध्ये बाप पोराला खांद्यावर घेऊन येतो, तीन पिढ्यांची जागा ठरलेली असते. तीस वर्षं इथे राहून मी ते पाहिलंय. ती श्रद्धा खोटी असं म्हणणारे तुम्ही कोण?

दिवेघाट

खोटी म्हटलेलं नाही. श्रद्धा असेल तर ती थांबायलाही शिकवते, एवढंच. आईने ते ओट्यावर बसून केलं.

फिजिओ, इंडियाना

वारीवरून भांडण पुरे, हृदयाचं बोला. गेल्या महिन्यात ओहायो स्टेटचाच अभ्यास आला: कोविड होऊन गेलेले २६ खेळाडू तपासले, चौघांच्या हृदयाच्या स्नायूत दाहाची चिन्हं होती. त्रास सगळ्यांना सौम्य किंवा काहीच नव्हता. २६ ही संख्या फार लहान, त्यातून मोठा निष्कर्ष काढू नये. पण एमआरआय केला म्हणून हे दिसलं. ज्या छोट्या कॉलेजात तो परवडत नाही, तिथल्या पोराला कोण सांगणार? आणि ही पोरं पगारी नाहीत. जोखीम त्यांची, टीव्हीचा पैसा दुसऱ्यांचा. "त्यांनाच खेळायचं होतं" हे म्हणताना तेवढं लक्षात ठेवा.

कोलंबसकर

पगाराचं बरोबर आहे. त्यांना पैसे मिळायला हवेत, हे मी आधीपासून म्हणतोय.

कोलंबसकर, २८ ऑक्टोबर

विस्कॉन्सिनचा नेब्रास्काविरुद्धचा सामना रद्द झाला. सहा खेळाडू आणि सहा कर्मचारी पॉझिटिव्ह, मुख्य प्रशिक्षकही त्यात. ताई, तुम्ही म्हणाल, बघा. पण नियम होता, त्याप्रमाणे थांबले, लपवलं नाही. "गप्प बसावं" हे मात्र मी लिहायला नको होतं. मुलगी कशी आहे?

लेकीची आई

तिची टेस्ट निगेटिव्ह आली, ताप नाही. विचारलंत, बरं वाटलं. सामना रद्द केला हे योग्यच केलं. पण ते बारा जण कळले, कारण रोज बघत होते. माझ्या मुलीच्या मजल्यावर चाळीस मुली आहेत. त्यांतल्या किती आजारी आहेत, हे आज तिथे कुणालाच माहीत नाही.